पाराचिची

देवी टोचणाऱ्याला पोरांचे चेहरे फारसे लक्षात राहत नाहीत, दंड लक्षात राहतात. एकोणीसशे एकवीस सालापासून सोळा वर्षं मी कर्जत तालुक्यात आणि त्यातल्याच खालापूर पेट्यात हे काम केलं. बिऱ्हाड दहिवलीला होतं. दिवाळी सरली की लशीची पेटी खांद्याला अडकवून निघायचं आणि होळीपर्यंत गावं आणि वाड्या पायाखाली घालायच्या. पोराचा दंड डाव्या मुठीत धरायचा, कातडी ताणून घ्यायची आणि उजव्या हाताने टोचायचं. दंड मुठीत आला की त्या घरात काय शिजतं हे विचारावं लागत नसे. डोंगराकडच्या ठाकरवाड्यांतल्या पोरांचे दंड धरताना आपलीच बोटं एकमेकांना लागत.

लोधिवलीच्या वर, इर्शाळच्या डोंगराच्या सोंडेखाली हिरड्याची वाडी म्हणून एक वस्ती होती. वीस-बावीस झोपड्या. त्यातली अगदी कडेची, उतारावरची झोपडी ठमीची. ती तेव्हा पंचवीस-सव्वीसची असेल. अंगाने मजबूत, बोलायला कमी. तिच्या घरात टोचण्याजोगं मूल नव्हतं, त्यामुळे तिकडे जायचं मला कारण नव्हतं. मी गेलो ते झाड बघून. कारवीच्या काठ्यांचं गोल कुंपण, त्यावर करवंदीच्या काट्या रचलेल्या, आणि आत माणसाच्या उंचीचं एक झाड. लांबून आंब्याचं कलम वाटलं. जवळ गेल्यावर पान आंब्याचं नव्हतं. जास्त रुंद, गर्द, आणि चोळलं तर आंब्याचा वास नाही. मी विचारलं, हे कसलं झाड. ती म्हणाली, पाराचिची.

मला वाटलं ती थट्टा करते आहे. पण ठमी थट्टा करणारी बाई नव्हती. त्या वर्षी थोडं, पुढल्या वर्षी थोडं, असं करत मला तिची हकीकत कळली. काही तिच्याकडून, बरीचशी वाडीचा म्हातारा कारभारी चांगो याच्याकडून.

ठमीचा नवरा जैतू डोलीवाला होता. माथेरानला छोटी आगगाडी सुरू व्हायच्या आधी साहेबलोक आणि मुंबईचे पारशी डोलीत बसून डोंगर चढत आणि त्या डोल्या पायथ्याच्या वाड्यांमधली माणसं वाहत. गाडी आली तसं ते काम आटलं. मग सोळा सालात लढाईसाठी माणसं गोळा करणारा एक जमादार चौक गावात येऊन बसला. त्याला जखमी सोल्जर उचलून नेणारी माणसं हवी होती. ज्यांना खांद्यावर माणूस घेऊन चढउतार करायची सवय आहे अशी माणसं त्याला याच डोंगराखाली मिळणार होती. हिरड्याच्या वाडीतून चौघे गेले. त्यांना बोटीत घालून आफ्रिकेला नेलं.

त्या चौघांतला एकटा जैतू परत आला. तिघे तापाने आणि हगवणीने तिकडेच गेले. जैतूलाही रक्ताची हगवण लागली होती. एका मिशनच्या आवारात आजारी माणसं ठेवली होती, तिथे तो दोन महिने पडून होता. भात पोटात राहीना, डाळ राहीना. तिथला एक म्हातारा हबशी आचारी त्याच्यासाठी रोज एक हिरवं फळ कापायचा, आतला पिवळट गर मीठ लावून बोटाने भरवायचा. तेवढं मात्र राहिलं. जैतू म्हणायचा, त्या फळाने मला उठवून बसवलं. त्या फळाचं नाव तिकडच्या बोलीत पाराचिची.

अठरा सालच्या वैशाखात तो घरी आला तेव्हा त्याच्या पत्र्याच्या पेटीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या तीन बिया होत्या, कोंबडीच्या अंड्याएवढ्या. दोन कुजल्या होत्या. तिसरी बोटीवरच उकलून तिला कोंब आला होता. ती त्याने झोपडीच्या वरच्या अंगाला, पाणी साचणार नाही अशा उतारावर लावली, आणि पावसाळाभर ठमीला त्या फळाच्या गोष्टी सांगितल्या. झाडावर ते पिकत नाही, कितीही दिवस ठेवलं तरी दगडच राहतं. उतरवून पेंढ्यात घालायचं. अंगठा दाबला की रुतला पाहिजे, मगच कापायचं. चुलीवर चढवायचं नाही. गोड लागेल म्हणून वाट बघायची नाही, ते गोड नसतंच. लोण्यासारखं असतं.

त्या साली पाऊस लवकर तुटला आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला मानमोडीच्या तापाची साथ आली. वाडीत अकरा माणसं गेली. ठमीची चार वर्षांची मुलगी भागी आधी गेली, तिच्या मागून तिसऱ्या दिवशी जैतू. आफ्रिकेतून वाचून आलेला माणूस घरच्या चटईवर पाच दिवसांत संपला. ठमीलाही ताप होता. ती उठली तेव्हा दोघांनाही पुरून झालं होतं आणि ते रोप पाण्यावाचून मान टाकून उभं होतं.

तिने झऱ्यावरून हंडा आणला आणि त्याला घातला. त्या दिवसापासून आठ वर्षं, कार्तिकापासून मृगापर्यंत, रोज एक हंडा. झरा उन्हाळ्यात अर्धा कोस खाली जायचा. शेळ्या तोंड लावतील म्हणून तिने कुंपण घातलं, दरवर्षी नवं केलं. वाडीला ते वेड वाटायचं. ठाकरांत पाट लावायला कुणाची आडकाठी नसते, तिला दोन ठिकाणांहून विचारणंही आलं होतं. ती गेली नाही. मी एकदा तिला विचारलं, का नाही गेलीस. तिने फार विचार न करता सांगितलं, की हे फळ कसं खायचं ते जैतूने तिलाच सांगितलं आहे, ती गेली तर इथे कुणाला कळणार.

सव्वीस साली झाडाला पहिली पाच फळं लागली. पहिलं तिने जैतूचं न ऐकता चुलीवर घातलं, कारण न शिजवता खायची भाजी तिने पाहिलीच नव्हती. ते इतकं कडू झालं की तिने भांडं राखेने तीनदा घासलं. दुसरं तिने कच्चंच चाखलं, ते रबरासारखं निघालं. उरलेली तीन तिने पेंढ्यात ठेवली आणि रोज सकाळी अंगठ्याने दाबून बघितली. आठव्या दिवशी एकात अंगठा रुतला. तिने ते मधोमध कापलं, बी काढली, गरावर मीठ आणि भाजलेली मिरची चुरून टाकली आणि नाचणीच्या भाकरीला फासून खाल्लं. त्याची चव तिने मला सांगितली नाही. एवढंच म्हणाली, की खाल्ल्यावर ती बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिली आणि त्या दिवशी संध्याकाळी भूक लागली नाही.

ही शेवटची गोष्ट मला तेव्हा मोठी वाटली नाही. ती किती मोठी आहे ते पुढे कळलं.

डोंगराखालच्या वाड्यांना पावसाळ्याचे मधले दोन महिने सगळ्यात कठीण. घरातला दाणा आषाढातच संपतो, नवा भात दसऱ्याला. रानात कंद असतात, बांबूचे कोवळे वास्ते असतात, टाकळा आणि कुरडू असते. कडूकंद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून, उकडून, पुन्हा पाण्यात ठेवून खातात. पोट भरतं, पण त्या खाण्यात तेलातुपाचा थेंब नसतो. महिनाभर असं खाल्लेलं पोर पोटाने मोठं आणि हातापायाने काडी होतं. आणि ठमीचं झाड नेमकं त्याच दिवसांत तयार व्हायचं.

सत्तावीस साली चाळीसेक फळं आली. तिने टोपली भरून चौकाच्या बाजारात नेली. कुणी हातात घेऊन बघितलं, कुणी हुंगलं, एकाने चावून थुंकलं. घेतलं कुणीच नाही. ती टोपली परत घेऊन आली आणि झोपड्या-झोपड्यांतून फळं वाटली. कशी ठेवायची आणि कशी खायची तेही सांगत गेली. वाडीने आधी नाक मुरडलं. पण श्रावणात भुकेला फार दिवस नाक मुरडता येत नाही. पुढल्या साली झाडाने दीड-दोनशे फळं दिली. लोक ठमीच्या दाराशी येऊन विचारायला लागले, आज किती पिकली.

अठ्ठावीसच्या श्रावणात पटकीची साथ उठली म्हणून विहिरी-झऱ्यांत लाल औषध टाकायला मला वर जावं लागलं. तेव्हा मी ते फळ पहिल्यांदा खाल्लं. ठमीने भाकरी दिली आणि वर पिवळट हिरवा गर फासला. पहिला घास मला आवडला नाही. दुसऱ्या घासाला जीभ सरावली. तिसऱ्याला मी मीठ मागितलं. बायका ते किती परीने वापरत होत्या ते मी त्या दिवशी बघितलं. तान्ह्याला नुसता गर बोटाने. दात पडलेल्या म्हाताऱ्यांना आंबील चुलीवरून उतरवून निवल्यावर त्यात कालवून. कुणी हिरवी मिरची आणि रानातली आंबट चिगळ त्यात ठेचायची. पोरांसाठी कुणाकडे गुळाचा खडा असला तर तो चुरून. साल आतल्या बाजूने फुटलेल्या टाचांना घासत. बी किसली तर तिचं दूध लालभडक होतं आणि कपड्यावरून जात नाही, म्हणून पोरी त्याने लुगड्याच्या पदरावर ठिपके काढायच्या. चांगो मला म्हणाला, "दादा, घरात म्हस नाय, पर ठमीनं आमाला लोणी खाया घातलं."

त्या हिवाळ्यात मी टोचायला गेलो तेव्हा माझ्या मुठीला फरक कळला. हिरड्याच्या वाडीतल्या पोरांच्या दंडाला मांस होतं. फार नाही. पण बोटं एकमेकांना लागत नव्हती. पलीकडच्या दोन वाड्यांमध्ये ती लागत होती. एकोणतीस सालीही तेच. मी हे कुणाला सांगितलं नाही, कुठे लिहिलंही नाही. मला वाटलं, सांगायचं काय, दिसतंच आहे.

तीस सालच्या फाल्गुनात डोंगराला वणवा लागला. वणवा दरवर्षी लागतो, पण या वेळी तो खाली उतरला आणि धाऊच्या गवताची गंजी जळली. धाऊ हा ठमीचा शेजारी, पन्नाशीचा, सात शेळ्यांचा मालक. त्याच्या घरात आधीच वाईट झालं होतं. सून बाळंतपणात गेली होती. मुलगा बायकोच्या मागे घरात टिकला नाही, तो खोपोलीकडे कामाला गेला तो गेलाच. मागे राहिली दोन महिन्यांची नात, हिरू. तिला धाऊ शेळीच्या दुधावर वाढवत होता. चिंधीची वात दुधात बुडवायची आणि तिच्या तोंडात द्यायची. शेळ्यांत दोनच दुभत्या होत्या. डोंगर काळा झालेला, गंजी जळालेली, चैत्र संपत आलेला. शेळ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या आणि दूध कमी व्हायला लागलं.

ठमी रोज जाऊन हिरूला मांडीवर घेऊन बसायची. तिला दिसत होतं. तिचं झाड तेव्हा दोन पुरुष उंच झालं होतं, घेरदार, आणि साऱ्या डोंगरावर तेवढंच हिरवं होतं. कुंपण तिने दोन वर्षांपूर्वीच काढलं होतं, फांद्या शेळीच्या तोंडापलीकडे गेल्या म्हणून. धाऊने तिच्याकडे काही मागितलं नाही. तिनेच कोयता घेतला, खालच्या अंगाच्या चार फांद्या तोडल्या, त्यांवरची लहान फळं हळहळत बाजूला काढली आणि पाला डोक्यावर घेऊन धाऊच्या दारात टाकला. शेळ्यांनी तो सगळा खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिने आणखी नेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुभत्या शेळ्यांची कास दगडासारखी कडक झाली होती. पिळलं तर थोडं पाणी आलं, त्यात गाठी. मग तेही बंद झालं. नंतर त्यांच्या गळ्याखाली सूज आली. त्या मान लांब करून श्वास ओढत उभ्या राहायच्या आणि उभ्या उभ्याच पडायच्या. चार दिवसांत पाच शेळ्या मेल्या, दोन्ही दुभत्या धरून.

त्या साली चौकात देवी निघाल्या होत्या म्हणून मी वैशाखात पुन्हा फिरत होतो. सकाळीच वाडीत शिरलो तर सगळी वाडी धाऊच्या अंगणात. पाचवी शेळी नुकतीच पडली होती. ठमी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर हिरू. ती तिला भाताची पेज वातीने पाजत होती आणि पोर ती तोंडातून बाहेर ढकलत होतं. दोन झोपड्यांमध्ये अंगावर पाजणाऱ्या बाया होत्या, त्यांना स्वतःच्याच पोरांना पुरत नव्हतं. त्यांनी एक-दोनदा हिरूला घेतलं, मग दार लावलं. खाली लोधिवलीत गाई होत्या. धाऊ तिथवर गेला होता. देवीच्या भीतीने गावाने वाडीच्या माणसांना वेशीबाहेरच थांबवलं होतं.

चांगोने मला पाला दाखवला. माझ्या हातात दिला. म्हणाला, "दादा, तुमी शिकलेलं. ह्ये झाड इखारी हाय का नाय, तेवढं सांगा."

मला माहीत नव्हतं. मला देवी टोचायला शिकवलं होतं, झाडांचं काही शिकवलं नव्हतं. मी पान उलटसुलट केलं, हुंगलं, जणू त्यावरून काही कळणार होतं.

ठमी माझ्याकडे बघत म्हणाली, "दादा, पाल्याचं मला ठाव नवतं. पर फळ तीन पावसाळं समद्या पोरांनी खाल्लं. तुमी सोता खाल्लं. एकबी पोर त्यानं मेलं नाय. दोन म्हयनं ऱ्हाऊ द्या. आता फळ हाय त्याच्यावर. तेवढं उतरू द्या, मंग तोडा."

झाड फळांनी वाकलेलं होतं. मला ते दिसत होतं. तिचं म्हणणं बरोबर आहे हे माझ्या मुठीला माहीत होतं, कारण त्या वाडीतले दंड मी दोन हिवाळे धरले होते. चांगोही डळमळत होता. मी तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं, की मला कळत नाही, पण फळाने पोरं सुधारली आहेत.

मी ते म्हटलं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच होतं. लोक टोचण्याला आधीच भीत होते. उद्या त्या फळाने एखादं पोर दगावलं आणि मी ते राहू दिलं असं ठरलं, तर या पट्ट्यातली एकही आई माझ्यासमोर पोराचा हात धरणार नाही, आणि खाली देवी निघालेल्या. असा विचार मी केला. शिवाय मी पहाटेपासून उपाशी चाललेला होतो, आणि एवढी माणसं माझ्या तोंडाकडे बघत असताना मला माहीत नाही हे म्हणणं मला जमलं नाही. हेही तितकंच खरं आहे.

मी म्हणालो, "जे जनावराला मारतं ते माणसाला सोडणार नाही. तोडून टाका."

दोघातिघांनी कुऱ्हाडी आणल्या. लाकूड मऊ असतं त्याचं, वेळ लागला नाही. ठमी उठली नाही. ती हिरूला पेज पाजत राहिली. झाड पडल्याचा आवाज झाला तेव्हा पोर दचकलं आणि ठमीने तिच्या कानावर हात ठेवला. मी पेटी उघडली आणि पोरांना टोचायला सुरुवात केली.

हिरू तिसऱ्या दिवशी गेली. मी तेव्हा साजगावच्या बाजूला होतो.

दिवाळीनंतर पुन्हा वर गेलो. जायचं मनात नव्हतं, पण वाडी माझ्या फेरीत होती. पावसाळा कसा गेला असेल ते मला मुठीत कळलं. दोन पोरं कमी होती. काय झालं विचारलं तर आया म्हणाल्या, श्रावणात अंगावर सूज आली आणि गेली. झाड असतं तर ती जगली असती असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. नसती असंही म्हणू शकत नाही.

ठमीच्या दारावरून मान खाली घालून जात होतो. तिने हाक मारून पाणी दिलं, पूर्वीसारखंच. मी काहीतरी बोललो असेन. तिने सांगितलं, की पडलेल्या झाडावरची फळं तिने दोन टोपल्या भरून गोळा केली आणि पेंढ्यात ठेवली होती. ती फार कोवळी होती. रोज अंगठा दाबून बघत होती. एकही मऊ पडलं नाही. सुरकुतली, काळी झाली आणि कुजून गेली. बियाही रुजल्या नाहीत. बुंध्याला आषाढात धुमारे फुटले होते, तर कुणीतरी त्यावर जळते निखारे आणून ओतले.

वाडीने ठमीला काही छळलं नाही, हे सांगायला हवं. तिला कुणी वेडंवाकडं बोललं नाही. फक्त तिच्या हातचं कुणी खाईना. लग्नाकार्यात ती भात निवडायला बसली की बाकीच्या बाया उठून दुसरीकडे बसायच्या. धाऊ तिच्याशी बोलायचा बंद झाला. तो तसा कुणाशीच बोलत नसे. ती लाकडाच्या मोळ्या खाली नेऊन विकायची, लावणीच्या दिवसांत लोधिवलीच्या शेतकऱ्यांकडे जायची, आणि तिची झोपडी कडेची होती ती आणखी कडेची झाली.

चौतीस सालात मला कर्जतला पोपट नावाचा एक म्हातारा माळी भेटला. एका बंगल्यात नवा लागला होता. आधी पंचवीस वर्षं तो दक्षिणेत साहेबांच्या बागा सांभाळत होता. त्याच्या नातवाला टोचत असताना बोलणं निघालं आणि मी त्याला त्या झाडाचं वर्णन सांगितलं. त्याने ते लगेच ओळखलं. त्याच्या साहेबाकडे चार झाडं होती. फळाला तिकडे लोणीफळ म्हणत, साहेब न्याहारीला पावावर लावून खायचा, मडमेचं तान्हं पोर त्यावर वाढलं. मी पाल्याचं विचारलं. तो म्हणाला, "पाला जनावराला घालायचा नाय. आमच्याकडं एक गाय अशीच गेली. दूध पहिलं जातं, मग गळा सुजतो. माणसाला फळाचं काही नाय."

तो हे अगदी सहज म्हणाला. त्याला ही साधी माहिती होती.

टोचण्याचे दिवस नव्हते तरी मी दुसऱ्या दिवशी हिरड्याच्या वाडीत गेलो. ठमी मोळी बांधत होती. चाळिशीच्या आतली बाई, पण केस पिकले होते. मी तिला सगळं सांगितलं. माझं चुकलं, असंही म्हणालो. तिने दोरीची गाठ पुरी मारली.

"मला सांगून काय, दादा," ती म्हणाली. "त्या दिशी समद्यांम्होरं बोललात. आजबी समद्यांम्होरं बोला."

चांगोच्या अंगणात माणसं जमली. चांगो आता आंधळा झाला होता, त्याला धरून आणून बसवलं. मी उभा राहून सांगितलं, की फळ विषारी नव्हतं. ते माणसाला चांगलं होतं, पोरांना चांगलं होतं. मला माहीत नसताना मी बोललो आणि झाड माझ्यामुळे गेलं. ज्या बायांची पोरं त्या पावसाळ्यात गेली होती त्यातली एक उठून आत गेली.

मग धाऊ बोलला. चार वर्षांत त्याला असं बोलताना कुणी ऐकलं नसेल. त्याने विचारलं, "आनि पाला?"

मी ठमीकडे पाहिलं. हा प्रश्न येईल हे तिला माहीत होतं, आणि तरी तिने मला सगळ्यांपुढे उभं केलं होतं. माझ्याच्याने खोटं बोलवेना. एकदा न कळता बोललो होतो, आता कळून खोटं कसं बोलणार. मी म्हणालो, की पाला जनावराला वाईट. दूध पाल्यानेच गेलं.

ठमीच बोलली, खाली बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "पाला मी घातला. माज्या हातानं घातला. हिरू माज्यामुळं गेली, ते मला त्याच दिशी कळलं व्हतं. पर जैतूनं आनलं ते इख नवतं. तेवढं वाडीला ठाव पायजे व्हतं."

एवढं बोलून ती मोळीकडे गेली. मोळी डोक्यावर घेतली आणि लोधिवलीच्या वाटेने उतरू लागली. लोक हळूहळू उठले. मी चांगोपाशी थोडा वेळ बसलो. शेवटी तो म्हणाला, की जैतू लहानपणापासून खरं बोलणारा पोर होता.

पोपट माळ्याला मी बी मिळेल का म्हणून विचारलं होतं. त्याने दक्षिणेत ओळखीच्या माळ्याला पत्र घातलं. बिया आल्या त्या वाटेतच वाळून आल्या. पुन्हा मागवू म्हणालो, ते राहिलं.

पस्तीसच्या भाद्रपदात ठमी तापाने गेली. मला दिवाळीनंतर वर गेल्यावर कळलं. शेवटचे सात-आठ दिवस ती उठत नव्हती. धाऊ रोज जाऊन तिच्या चुलीत जाळ करायचा, पेज करायचा आणि तिच्यापाशी बसून तिला पाजायचा. दोघं एकमेकांशी काही बोलत होती का, हे कुणाला माहीत नाही. तिला मूलबाळ नव्हतं आणि जैतूच्या भावकीतलं कुणी उरलं नव्हतं. मातीपाशी पुढे कुणी व्हायचं असा प्रश्न आला, तेव्हा धाऊ कुणाला न विचारता पुढे झाला. दहाव्याचं जेवण त्याने घातलं. सगळी वाडी त्या दिवशी जेवली.